प्रोग्रॅमिंग शिकताना पुस्तक केव्हा उघडावे आणि इंटरनेट केव्हा

पुण्यात बीसीएस, बीसीए किंवा अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला असलेला विद्यार्थी आणि हिंजवडीत किंवा खराडीत काही वर्षे नोकरी करून नव्या तंत्रज्ञानाकडे वळू पाहणारा अभियंता, या दोघांनाही एकच प्रश्न पडतो: पुस्तक विकत घ्यावे, की सगळे इंटरनेटवरूनच शिकावे? याचे सरसकट उत्तर देता येत नाही, कारण ते शिकणाऱ्याच्या स्वभावापेक्षा शिकण्याच्या विषयावर अधिक अवलंबून असते. म्हणून कोणताही विषय हाती घेताना आधी एवढे तपासावे, की हे ज्ञान किती वर्षे टिकणारे आहे. जे सावकाश जुने होते त्यासाठी एक चांगले पुस्तक घेऊन बसावे, आणि जे दर दोन-तीन वर्षांनी बदलते ते त्या तंत्रज्ञानाच्या अधिकृत डॉक्युमेंटेशनमधून शिकावे.

उदाहरणे पाहिली की हा फरक स्पष्ट होतो. डेनिस रिची आणि ब्रायन कर्निघन यांचे सी भाषेवरील पुस्तक १९७८ साली निघाले, त्याची दुसरी आवृत्ती १९८८ची आहे, आणि पॉइंटर समजून घेण्यासाठी ते आजही उपयोगी पडते. रिलेशनल डेटाबेसची मूळ कल्पना एडगर कॉड यांनी १९७० साली मांडली आणि डेटाबेसला प्रश्न विचारण्याच्या एसक्यूएल या भाषेचे पहिले अमेरिकी प्रमाणीकरण १९८६ साली झाले, त्यामुळे डेटाबेसवरचे वीस वर्षांपूर्वीचे चांगले पुस्तकही बहुतांशी खरे ठरते. डेटा स्ट्रक्चर्स, ऑपरेटिंग सिस्टिम आणि नेटवर्किंग हे विषय याच गटातले आहेत. सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेच्या प्रवेश परीक्षेत या विषयांवरही प्रश्न विचारले जातात, हे येथे मुद्दाम नोंदवावेसे वाटते.

याच्या उलट उदाहरण अँग्युलर या वेब फ्रेमवर्कचे आहे. अँग्युलरजेएस २०१० साली आले, २०१६ साली मुळापासून नव्याने लिहिलेले अँग्युलर २ आले, आणि जुन्या अँग्युलरजेएसला मिळणारा अधिकृत सपोर्ट २०२१च्या अखेरीस थांबला. वेबसाठीच्याच रिअ‍ॅक्ट या लायब्ररीत २०१९ साली हुक्स ही नवी सोय आली आणि कोड लिहिण्याची पद्धतच पालटली. पायथन ३ डिसेंबर २००८मध्ये आले, तरी पायथन २चा सपोर्ट थेट १ जानेवारी २०२० रोजी संपला. मधल्या अकरा वर्षांत निघालेल्या पुस्तकांपैकी कोणते कोणत्या पायथनचे आहे, हे न पाहता पुस्तक घेणारा विद्यार्थी प्रिंटच्या पहिल्याच ओळीला अडकतो, कारण जुन्या पायथनमध्ये प्रिंटपुढे कंस लागत नसे आणि नव्यात तो लागतोच.

पुस्तकातून नेमके काय मिळते

इंटरनेटवर आपल्याला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मिळते. पुस्तकात न विचारलेल्या प्रश्नांचीही उत्तरे असतात, आणि नवशिक्याला मुळात कोणते प्रश्न विचारायचे हेच ठाऊक नसते. ही गोष्ट एका छोट्या उदाहरणातून करून पाहण्यासारखी आहे. त्यासाठी लॅपटॉपवर एसक्यूलाइट हे डेटाबेस सॉफ्टवेअर घ्यावे. ते मोफत आहे आणि त्याला वेगळा सर्व्हर लागत नाही.

ग्राहक नावाचा एक टेबल तयार करावा आणि त्यात नाव व शहर असे दोन कॉलम ठेवावेत. पाच ग्राहक भरावेत: दोघांचे शहर पुणे, एकाचे सातारा, एकाचे नाशिक, आणि पाचव्याचे शहर माहीत नसल्यामुळे तेथे नल. आता ज्यांचे शहर पुणे नाही असे ग्राहक दाखवणारी क्वेरी लिहावी. आपल्या मनात उत्तर तीन असते, कारण पाचातून पुण्याचे दोन वजा केले की तीन उरतात. प्रत्यक्षात दोनच नावे येतात. ज्याचे शहर नल आहे तो ग्राहक पुण्याच्या यादीतही दिसत नाही आणि पुण्याबाहेरच्या यादीतही दिसत नाही.

हा प्रश्न इंटरनेटवर शोधला, तर अर्ध्या मिनिटात उत्तर मिळते, की अटीला ‘किंवा शहर इज नल’ एवढे जोडावे. ते जोडल्यावर तीन नावे येतात आणि काम पुढे सरकते. डेटाबेसच्या चांगल्या पुस्तकातले प्रकरण मात्र येथे थांबत नाही. एसक्यूएलमध्ये तुलनेचे उत्तर खरे, खोटे किंवा अज्ञात अशा तीन प्रकारचे असू शकते, नलशी केलेली प्रत्येक साधी तुलना अज्ञात ठरते, आणि व्हेअरच्या अटीतून फक्त ‘खरे’ ठरलेल्या ओळीच बाहेर पडतात, हा नियम ते समजावून सांगते. एवढा एक नियम नीट कळला, की पुढच्या अनेक गोष्टी आपोआप उलगडतात. नॉट इनच्या, म्हणजे ‘या यादीत नाही’ या अटीच्या, आत दिलेल्या सबक्वेरीतून एक जरी नल आला, तरी संपूर्ण क्वेरी एकही ओळ देत नाही, कारण कोणतेही शहर ‘त्या नलपेक्षा वेगळे आहे’ असे निश्चित म्हणता येत नाही. ओळी मोजणाऱ्या काउंटमध्ये तारांकन दिले तर पाच मिळतात आणि शहर हा कॉलम दिला तर चार मिळतात. वयाचा कॉलम ठेवून त्यावर वय अठराहून कमी नसावे अशी चेक कन्स्ट्रेंट, म्हणजे नोंद आत घेतानाची अट, घातली असतानाही वय नल असलेली नोंद आत येते, कारण व्हेअर अज्ञात ओळी गाळते, पण चेक केवळ ‘खोटे’ ठरलेल्या नोंदीच अडवते.

ज्याने फक्त ‘इज नल’ जोडण्याचा उपाय पाहिला, त्याला नॉट इनची अडचण आली की ती एक स्वतंत्र, नवी अडचण वाटते, आणि तो पुन्हा शोध घेऊ लागतो. ज्याने ते प्रकरण वाचले आहे, त्याला ती अडचण येण्याआधीच ओळखता येते. बँकेच्या किंवा विम्याच्या प्रकल्पात काम करणाऱ्यांना हा फरक किती महाग पडू शकतो हे वेगळे सांगायला नको, कारण अशा चुका एरर दाखवत नाहीत. अहवालातला आकडा फक्त कमी येतो आणि तो कमी आहे हे कोणाच्या लक्षातही येत नाही.

पुस्तक कसे निवडावे

पुण्यात पुस्तक निवडायचे तर अप्पा बळवंत चौकाइतकी सोयीची जागा नाही, कारण तेथे नवी आणि वापरलेली, दोन्ही प्रकारची पुस्तके हातात घेऊन पाहता येतात. ऑनलाइन मागवायचे असले, तरी आधी तेथे किंवा महाविद्यालयाच्या ग्रंथालयात प्रत चाळून यावे. विद्यापीठाच्या विभागांत शिकणाऱ्यांना जयकर ग्रंथालयही आहे.

पुस्तक हातात आल्यावर मुखपृष्ठाकडे न पाहता शीर्षकपानाच्या मागची बाजू पाहावी. तेथे आवृत्तीचे साल आणि पुनर्मुद्रणाचे साल असे दोन वेगळे आकडे असतात, आणि नवशिके बहुतेक वेळा दुसरा आकडा पाहून फसतात. गेल्या वर्षी छापलेली प्रत पंधरा वर्षांपूर्वीच्या आवृत्तीची असू शकते. सी किंवा अल्गोरिदमच्या पुस्तकात त्याने फारसे बिघडत नाही, पण वेब फ्रेमवर्कच्या पुस्तकात सारेच बिघडते. त्यानंतर प्रस्तावना वाचावी. जो लेखक भाषेचे कोणते व्हर्जन गृहीत धरले आहे आणि वाचकाला आधी काय येणे अपेक्षित आहे हे पहिल्या चार पानांत सांगत नाही, त्याचे पुस्तक मी तरी परत ठेवतो.

मग शेवटची सूची उघडावी. एसक्यूएलचे पुस्तक असेल तर नल हा शब्द सूचीत आहे का आणि त्यापुढे किती पाने दिली आहेत, हे पाहावे. एकच पान दिले असेल, तर लेखक त्या विषयावरून घाईने पुढे गेला आहे असे समजण्यास हरकत नाही. प्रत्येक विषयात असा एखादा अवघड शब्द असतो: सीमध्ये पॉइंटर, जावामध्ये जेनेरिक्स, जावास्क्रिप्टमध्ये क्लोजर. आपल्याला न समजलेला नेमका तोच भाग उघडून दुकानात उभ्या उभ्या दोन पाने वाचावीत. दोन पानांनंतर थोडा जरी उजेड पडला, तर ते पुस्तक आपल्यासाठी आहे.

प्रकरणाखालचा स्वाध्याय ही शेवटची आणि माझ्या मते सर्वात महत्त्वाची कसोटी आहे. ‘व्याख्या लिहा’, ‘फरक स्पष्ट करा’, ‘टीपा द्या’ अशाच प्रश्नांची रांग असेल, तर ते पुस्तक विद्यापीठाच्या पेपरासाठी लिहिलेले आहे. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात त्याचा उपयोग निश्चित आहे आणि त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही, पण त्यातून प्रोग्रॅमिंग येणार नाही. जेथे ‘असा प्रोग्रॅम लिहा’, ‘या प्रोग्रॅममध्ये अमुक बदल केला तर काय होईल ते आधी सांगा आणि मग चालवून पाहा’ असे प्रश्न असतात, ते पुस्तक घरी आणावे. एका विषयाला एकच मुख्य पुस्तक ठेवावे. तीन पुस्तके आणली की तिन्हींची पहिली तीन प्रकरणे वाचून होतात आणि चौथे एकाचेही होत नाही.

पुस्तक कसे वाचावे

प्रोग्रॅमिंगचे पुस्तक कादंबरीसारखे सलग वाचता येत नाही. ज्या टेबलावर पुस्तक, वही आणि लॅपटॉप हे तिन्ही मावतील अशा ठिकाणी ते वाचावे, आणि त्या वेळात लॅपटॉपचे इंटरनेट बंद ठेवावे. सदाशिव पेठेत आणि नारायण पेठेत स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांसाठी असलेल्या अभ्यासिका प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्यांनीही वापराव्यात असे मला मनापासून वाटते. चौघे मित्र जेथे कॉट बेसिसवर राहतात त्या खोलीत सलग दोन तास मिळणे कठीणच असते.

वाचताना पुस्तकातला प्रत्येक प्रोग्रॅम चालवण्याआधी त्याचे आउटपुट वहीत लिहावे. ही एक सवय लागली, की बाकीच्या पद्धती विसरल्या तरी चालेल. समजा पायथनच्या पुस्तकात असे फंक्शन दिले आहे: त्याला एक नाव द्यायचे, त्याच्या दुसऱ्या पॅरामीटरची डिफॉल्ट व्हॅल्यू रिकामी लिस्ट आहे, आणि ते फंक्शन दिलेले नाव त्या लिस्टमध्ये घालून लिस्ट परत करते. ते आधी ‘सायली’ देऊन आणि मग ‘ओंकार’ देऊन बोलावले, तर दुसऱ्या वेळी काय मिळेल? बहुतेक जण वहीत एकटा ‘ओंकार’ लिहितात. प्रत्यक्षात लिस्टमध्ये सायली आणि ओंकार दोघेही येतात, कारण डिफॉल्ट व्हॅल्यू फंक्शनची व्याख्या होताना एकदाच तयार होते आणि पुढच्या प्रत्येक कॉलमध्ये तीच लिस्ट वापरली जाते. हे नुसते वाचले असते तर ‘हो, बरोबर’ म्हणून पान उलटले गेले असते. वहीत चुकीचे उत्तर लिहिलेले असल्यामुळे आता थांबावे लागते, आणि एकदा असे थांबलेला माणूस ही गोष्ट सहसा विसरत नाही.

कोड टाइप करूनच घ्यावा. कॉपी-पेस्ट करू नये. प्रकरण संपल्यावर पुस्तक मिटून त्यातला एक प्रोग्रॅम कोऱ्या फाइलमध्ये पुन्हा लिहावा. एखादे प्रकरण दोनदा वाचूनही समजले नाही, तर खूण करून पुढे जावे आणि आठवड्याने परत यावे. अनेकदा पुढच्या प्रकरणातले उदाहरण मागचे कोडे सोडवते.

इंटरनेट कोणत्या क्रमाने वापरावे

इंटरनेटवर शिकण्यासारखे फार आहे, पण त्यातला चांगला भाग शोधाच्या पहिल्या पानावर असेलच असे नाही. म्हणून शोध घेण्याआधी अधिकृत डॉक्युमेंटेशन उघडण्याची सवय लावावी. पायथनच्या संकेतस्थळावरचे ट्युटोरियल, पोस्टग्रेस या डेटाबेसचे डॉक्युमेंटेशन आणि वेबसाठी एमडीएन हे संकेतस्थळ ही तिन्ही मोफत आहेत आणि अनेक पुस्तकांपेक्षा काळजीपूर्वक लिहिलेली आहेत. पोस्टग्रेसचे मुख्य व्हर्जन साधारण दरवर्षी येते, आणि कोणते पान कोणत्या व्हर्जनचे आहे हे त्या पानाच्या वरच्या बाजूला दिलेले असते. आपण वापरत असलेले व्हर्जन आणि पानावरचे व्हर्जन जुळवून घेणे, हे प्रत्येक वेळी करण्याचे पहिले काम आहे.

स्टॅक ओव्हरफ्लो या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळावरचे उत्तर वाचताना त्याखालची तारीख आधी पाहावी. हे संकेतस्थळ २००८पासून चालू आहे, त्यामुळे स्वीकारलेले उत्तर दहा-बारा वर्षांपूर्वीचे असू शकते आणि आजचे योग्य उत्तर खाली तिसऱ्या क्रमांकावर असू शकते. प्रश्नाखालच्या आणि उत्तरांखालच्या प्रतिक्रियाही वाचाव्यात. ‘अमुक व्हर्जनपासून हे चालत नाही’ अशी सूचना बहुधा तेथेच सापडते.

व्हिडिओंचे स्थान मला मर्यादित वाटते. इन्स्टॉलेशन, एडिटरची मांडणी, डीबगरमध्ये ब्रेकपॉइंट कसा लावायचा, अशा हाताने करायच्या गोष्टी पाहून पटकन समजतात. एखाद्या विषयाची तोंडओळख करून घेण्यासाठी, विशेषतः हिंजवडीच्या कंपनी बसमध्ये जाणाऱ्या वेळात, ते चांगलेच आहेत. परंतु शिक्षक टाइप करत असताना आपणही सोबत टाइप करत गेलो, की सगळे समजल्यासारखे वाटते आणि कोऱ्या फाइलसमोर पहिली ओळही सुचत नाही. त्यामुळे व्हिडिओ पाहिलाच, तर तो बंद करून तोच प्रोग्रॅम स्वतः लिहिल्याशिवाय पुढचा लावू नये. सलग, शिस्तीचा अभ्यासक्रम हवा असेल तर आयआयटी आणि आयआयएससीचा एनपीटीईएल हा उपक्रम पाहावा. त्यातील व्याख्याने मोफत आहेत, शुल्क फक्त प्रमाणपत्राच्या परीक्षेला लागते, आणि दर आठवड्याच्या असाइनमेंटमुळे वेळापत्रक पाळले जाते.

चॅटबॉटचा प्रश्न आज टाळता येत नाही. त्यांना कोड लिहून मागितला तर तो मिळतो आणि बऱ्याचदा चालतोही, पण शिकण्याच्या काळात हीच अडचण आहे, कारण वहीत चुकीचे उत्तर लिहिण्याची संधी निघून जाते. त्यांचा उपयोग परीक्षकासारखा करावा. ‘नलवर मला पाच प्रश्न विचारा, मी उत्तरे लिहीन, मग तपासा’ असे सांगितले तर ते उत्तम काम करतात. एररचा संदेश समजावून घेण्यासाठीही त्यांची मदत होते. त्यांनी सुचवलेले फंक्शन मात्र डॉक्युमेंटेशनमध्ये शोधल्याशिवाय वापरू नये, कारण अस्तित्वातच नसलेली फंक्शन्स ते अधूनमधून अगदी खात्रीच्या सुरात सांगतात.

मराठी माध्यमातून आलेल्यांसाठी

बीड, लातूर, सोलापूर किंवा नंदुरबारहून पुण्यात शिकायला आलेल्या अनेक विद्यार्थ्यांना विषयापेक्षा इंग्रजीची धास्ती अधिक असते, आणि त्या धास्तीपोटीच ते पुस्तक सोडून व्हिडिओंकडे वळतात. त्यांना आवर्जून सांगावेसे वाटते, की तांत्रिक पुस्तकातले इंग्रजी वर्तमानपत्रातल्या इंग्रजीपेक्षा सोपे असते. वाक्ये छोटी असतात, तेच दोन-तीनशे शब्द पुन्हा पुन्हा येतात, आणि प्रत्येक परिच्छेदाखाली त्याचा अर्थ दाखवणारा कोड असतो. पहिली दोन प्रकरणे अतिशय सावकाश होतील. दिवसाला तीन-चार पाने झाली तरी पुरे. प्रत्येक परिच्छेद वाचल्यावर तो काय सांगतो ते वहीत मराठीत एका वाक्यात लिहावे, आणि लूप, पॉइंटर, स्टॅक हे शब्द तसेच ठेवावेत. जे वाक्य मराठीत लिहिता येत नाही, ते समजलेले नाही हे लगेच कळते.

सुरुवातीचा आधार म्हणून आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे धडे घ्यावेत. सी, जावा, पायथन, लिनक्स यांचे सुमारे दहा-दहा मिनिटांचे हे धडे मराठी निवेदनासह उपलब्ध आहेत, आणि एक पायरी पाहून, थांबवून, ती स्वतः करून मग पुढे जायचे, अशीच त्यांची रचना आहे. धडा आधी पाहावा आणि त्याच दिवशी पुस्तकातले तेच प्रकरण वाचावे.

जुने पुस्तक वापरात कसे ठेवावे

सेकंडहँड पुस्तक घेतले, किंवा वरच्या वर्गातल्या ताईकडून अथवा दादाकडून मिळाले, तर त्यात मागे पडलेला भाग असणारच. त्यासाठी ते टाकून देऊ नये. बहुतेक भाषांच्या संकेतस्थळांवर कोणत्या व्हर्जनमध्ये काय नवे आले याची नोंद असते. पुस्तकाच्या व्हर्जनपासून आजपर्यंतच्या या नोंदी एका सुट्टीच्या दिवशी बसून वाचाव्यात आणि बदल त्या त्या पानाच्या समासात पेन्सिलीने लिहावेत. पायथनच्या जुन्या पुस्तकात स्ट्रिंगच्या पानावर ‘३.६पासून एफ-स्ट्रिंग’, अटींच्या प्रकरणात ‘३.१०पासून मॅच’ अशा टिपा येतील. कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटच्या पुस्तकात चेकआउटच्या पानावर ‘२०१९पासून स्विच आणि रिस्टोअर या दोन वेगळ्या कमांड, चेकआउटही चालते’ असे लिहावे लागेल. पूर्णपणे रद्द झालेल्या भागावर सरळ तिरकी रेघ मारून तेथे व्हर्जनचा आकडा टाकावा, म्हणजे आपल्यानंतर ती प्रत ज्याच्या हाती जाईल त्याला हा शोध पुन्हा घ्यावा लागणार नाही.